वाढत्या अंगाचा पट्टा : एका ग्रेट डेन पिल्लाचं पहिलं वर्ष

मी कुत्र्यांना आणि त्यांच्या घरच्यांना शिकवते. हे प्रकरण माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाचं आहे आणि त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. माणसांची आणि कुत्र्याचं अशी सगळी नावं बदलली आहेत. मापं आणि तारखांचा क्रम मात्र त्यांच्या वहीत आणि माझ्या टिपणांत आहे तसाच ठेवला आहे. विषय दिसायला किरकोळ आहे: पिल्लाच्या गळ्यातला पट्टा. पण या एका पट्ट्यापायी पिल्लू एकदा हरवता हरवता राहिलं आणि एकदा त्याच्या मानेला जखम झाली. दोन्ही वेळा घरच्यांचं त्याच्यावर प्रेम कमी नव्हतं.

पार्श्वभूमी

भीमा घरी आला तेव्हा आठ आठवड्यांचा होता. ग्रेट डेन, नर, फिकट बदामी रंग, तोंड काळं. वजन ८ किलो, मानेचा घेर २९ सेंटीमीटर. घरात आई, बाबा, अकरा वर्षांची ईरा आणि आजी. कुत्रा पाळण्याचा त्यांना अनुभव होता, पण तो मध्यम चणीच्या कुत्र्याचा. त्याला लहानपणी एक आणि मोठेपणी एक, असे दोन पट्टे आयुष्यभर पुरले होते. पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ या चांगल्या अनुभवात आहे, म्हणून तो आधीच सांगून ठेवते.

ग्रेट डेनचं पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम अर्ध्या किलोचं असतं आणि वर्षभरात नर ५० किलोच्या पुढे जातो. म्हणजे बारा महिन्यांत शंभरपट. त्यातली सर्वांत जोराची वाढ पहिल्या सहा महिन्यांत होते. भीमाची मान आठव्या आठवड्यात २९ होती, चोविसाव्या आठवड्यात ५० झाली. सोळा आठवड्यांत २१ सेंटीमीटर. सरासरी काढली तर आठवड्याला सव्वा सेंटीमीटरच्या आसपास, पण पिल्लू सरासरीने वाढत नाही. एखादा आठवडा टेप जागची हलत नाही आणि पुढच्याच आठवड्यात दोन सेंटीमीटरनी उडी मारते. रोज डोळ्यांसमोर असलेल्याला ते कळत नाही. महिन्याने येणारा पाहुणा दारातच म्हणतो, ‘अरे, केवढा झाला हा!’ आणि घरच्यांना नवल वाटतं.

भीमा येण्याआधीच बाबांनी पट्टा आणून ठेवला होता. पाच सेंटीमीटर रुंद, जाड चामडं, पितळी बकल. पूर्ण वाढलेल्या ग्रेट डेनला शोभेल असाच. पिल्लाला तो बसावा म्हणून त्यांनी आरीने मध्यावर आणखी पाच छिद्रं पाडली. ‘वाढतं अंग आहे, आणि हा काय वाया जाणार आहे? मोठा झाला की लागेलच,’ हे त्यांचं म्हणणं. मुलांचे कपडे घेताना आपण सगळे हेच करतो. सदऱ्याची बाही चार बोटं लांब असली तर दुमडून घेता येते, त्याने कुणाला इजा होत नाही.

पट्टा दुमडता येत नाही. भीमा पाणी प्यायला मान खाली घाली तेव्हा त्या रुंद चामड्याची कड हनुवटीखाली रुते. तो भांड्यापासून मागे सरे, पुन्हा येई, पुन्हा मागे सरे. बकलाच्या पलीकडे वीतभर टोक लोंबत होतं, ते त्याने दोन दिवसांत चावून चोथा केलं. तिसऱ्या दिवशी आईने तो पट्टा काढून कपाटात ठेवला आणि दोन सेंटीमीटर रुंदीचा, हलका नायलॉनचा पट्टा आणला. प्लास्टिकचं लॉक, ३० ते ५० सेंटीमीटरपर्यंत सरकवून लहानमोठा करता येणारा. हा पट्टा चांगला होता आणि पुढे जे घडलं त्यात त्याचा काही दोष नव्हता.

अडचण, पहिली बाजू : पट्टा सैल

नायलॉनचा पट्टाही ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून सैलच बांधला गेला. अकराव्या आठवड्यात भीमाची मान ३४ होती आणि पट्टा ४० वर. एका संध्याकाळी ईरा आणि बाबा त्याला घेऊन बाहेर पडले असताना शेजारच्या दुकानाचं शटर धाडकन खाली आलं. या वयातल्या पिल्लाला अशा अचानक आवाजाची भीती चटकन बसते. भीमाने चारही पाय रोवले, मान खाली घातली आणि तो मागे मागे सरकू लागला. बाबांनी दोरी आपल्याकडे ओढली. पट्टा मानेवरून वर सरकला, कान मागे दुमडले गेले आणि पट्टा डोक्यावरून निघून बाबांच्या हातात लोंबकळत राहिला.

पिल्लाच्या डोक्याचा घेर तेव्हा ३८ च्या आसपास असावा. ४० चा पट्टा त्यावरून निघणार हे उघड होतं, पण तोवर डोक्याचा घेर मोजायचा असतो हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. भीमा वीस मिनिटांनी एका उभ्या गाडीखाली सापडला. थरथरत होता, पण अंगावर ओरखडा नव्हता. ईरा ते सांगताना अजूनही हात घट्ट मिटून घेते.

अडचण, दुसरी बाजू : पट्टा घट्ट

इथे पहिला मोठा निर्णय झाला, आणि तो भीतीच्या भरात झाला. घरी आल्या आल्या बाबांनी पट्टा ४० वरून ३६ वर आणला. ३४ च्या मानेला ३६ म्हणजे एक बोट कसंबसं जाईल इतका. त्या रात्रीपुरतं ते समजण्यासारखं होतं. पण पुढचे तीन आठवडे त्या पट्ट्याला कुणी हात लावला नाही.

का लावला नाही, हे मी प्रत्येकाला वेगळं विचारलं. बाबांना वाटलं, आई रोज त्याचं अंग पुसते, तिच्या लक्षात येईल. आईला वाटलं, पट्टा बाबांनी बांधलाय, तेच बघत असतील. आजी म्हणाल्या, ‘मला वाटलं आता घट्टच ठेवायचा असतो, नाहीतर परत पळेल.’ पट्टा रोज चौघांच्या नजरेसमोर होता आणि नेमका म्हणूनच कुणी बघत नव्हतं.

खुणा होत्या. तो मागच्या पायाने पट्टा खाजवत असे, पण ते तो पहिल्या दिवसापासून करत होता, म्हणून सवय समजली गेली. फिरताना ओढ लागली की खोकल्यासारखा आवाज काढायचा. मानेजवळ ओलसर, आंबूस वास यायला लागला होता, तो अंघोळ न घातल्याचा असेल असं वाटलं. शेवटी चौदाव्या आठवड्यात अंघोळ घालताना ईराने लॉक उघडलं. पट्टा लगेच खाली पडला नाही, केसांना चिकटून राहिला. तिने तो हलकेच सोडवला तेव्हा गळ्याखाली केस गेलेली एक गुलाबी रेघ दिसली. मधोमध दोन बोटं रुंद भागात कातडी सोलवटून ओली झाली होती. नंतर टेपने मान मोजली: ३८. ती ३६ च्या पट्ट्यात होती.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी जखम वरवरची असल्याचं सांगितलं. घर्षण, त्यात पट्ट्याखाली साचलेली ओल, त्यावर खाजवणं. भोवतीचे केस कापले, जखम स्वच्छ केली, औषध दिलं आणि दोन आठवडे मानेभोवती काहीही बांधायचं नाही असं बजावलं. त्यांनी एक गोष्ट स्पष्टच सांगितली: आणखी काही आठवडे असेच गेले असते तर पट्टा कातडीत रुतला असता, वरून मांस वाढू लागलं असतं आणि मग तो भूल देऊन कापून काढावा लागला असता. असं होण्यासाठी मारझोड किंवा क्रूरपणा लागत नाही. वाढतं पिल्लू आणि न वाढणारा पट्टा एवढंच पुरतं.

डॉक्टरांनीच त्यांना माझ्याकडे पाठवलं.

समोर असलेले पर्याय

मी पहिल्यांदा गेले तेव्हा घरात दोन तट पडले होते. बाबा आणि आजींना ‘पुन्हा सुटता कामा नये’ याची काळजी होती. आई आणि ईरा म्हणत होत्या, ‘पुन्हा पट्टाच नको.’ दोघांचं बरोबर होतं, आणि म्हणूनच एका पट्ट्याने दोघांचं समाधान होणार नव्हतं. मी एक प्रश्न ठेवला: पट्ट्याकडून आपल्याला नक्की कोणती कामं हवी आहेत? यादी निघाली ती तीन कामांची. कुत्रा हरवला तर ओळख पटावी म्हणून बिल्ला अडकवायला जागा. फिरताना दोरी लावायला जागा. आणि घाबरून मागे सरला तर न सुटणारी पकड. आजवर ही तिन्ही कामं एका नायलॉनच्या पट्टीवर टाकली होती.

मग एकेक पर्याय घेतला.

ईराच्या मामांनी फोनवरून साखळीचा, म्हणजे चोक चेनचा आग्रह धरला होता. ‘एवढं मोठं जनावर होणार, आतापासून धाक हवा.’ यावर मी जास्त वेळ घालवला, कारण हा सल्ला प्रत्येक मोठ्या कुत्र्याच्या घरी येतो आणि तो आपलेपणाने दिलेला असतो. साखळीचा फास किती आवळायचा याला मर्यादा नसते. कुत्रा जितका ओढेल तितका तो आवळत जातो. पट्ट्याच्या जागी कातडीखाली श्वासनलिका आहे, थायरॉईडची ग्रंथी आहे, डोक्याकडे जाणाऱ्या आणि तिकडून येणाऱ्या रक्तवाहिन्या आहेत. २००६ साली २६ कुत्र्यांवर झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की पट्ट्याला दोरी लावून कुत्र्याने ओढलं की डोळ्यांतला दाब वाढतो, पण हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांना, लावून ओढलं तर वाढत नाही. ग्रेट डेनच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. या जातीत वॉबलर सिंड्रोम हा मानेच्या मणक्यांचा आजार तरुण वयातही दिसतो. त्यात मणक्यांमधला मज्जारज्जू दाबला जातो आणि चाल डगमगू लागते. ज्या जातीची मान आधीच नाजूक जागा आहे, तिथे हाडं अजून पक्की व्हायची असताना फास लावायचा, याला मी तयार होणार नव्हते. राक्षसी चणीच्या जातींत हाडांची वाढ पूर्ण व्हायला दीड ते दोन वर्षं लागतात. मामांना हे मी स्वतः फोन करून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

तोंडावरून चढवायचा हेड हॉल्टर आम्ही लवकरच बाजूला ठेवला. दचकून उडी मारणाऱ्या पिल्लाची मान त्याने एकदम वळते. पुढे शांत चालायला शिकल्यावर लागलाच तर बघू, असं ठरलं. तो कधीच लागला नाही.

पुन्हा साधा सपाट पट्टा आणि रोज तपासणी, हा पर्याय आईला सोपा वाटत होता. माझी अडचण ‘रोज’ या शब्दाशी होती. रोज करायची गोष्ट चार दिवसांनी कुणाचीच राहत नाही, हे या घराने नुकतंच अनुभवलं होतं.

हार्नेसमध्ये ओढीचा भार मानेऐवजी छातीवर येतो. पण हार्नेसला मापं जास्त, आणि वाढत्या पिल्लाला तो पट्ट्याहून लवकर लहान होतो. शिवाय मागे सरणारं पिल्लू सैल हार्नेसमधूनही निसटतं.

आणि मार्टिंगेल. हा दोन भागांचा पट्टा. मोठा भाग मानेभोवती सैल बसतो, लहान भागाला दोरी लागते. कुत्रा मागे सरला की लहान भाग ओढला जाऊन मोठा भाग आवळतो, पण ठरावीक मापापर्यंतच. साखळीत आणि यात हाच फरक आहे. अट एकच: पूर्ण आवळल्यावर मोठ्या भागाच्या टोकांच्या दोन्ही कड्या एकमेकींना भिडल्या तरी घेर मानेपेक्षा लहान व्हायला नको. तसा झाला तर तोही फासच.

काय ठरवलं आणि काय केलं

पहिले दोन आठवडे डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे मान मोकळी आणि फिरायला फक्त हार्नेस. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा, खांद्याच्या हाडाला आडवा न येणारा. जखम भरल्यावर मार्टिंगेल आला. दोरी हार्नेसच्या कडीलाच लावायची आणि तिथून वीतभर जोडपट्टी मार्टिंगेलला. रोजची ओढ छातीवर, आणि पिल्लू हार्नेसमधून निसटलंच तर मार्टिंगेल धरून ठेवणार. बिल्ला मार्टिंगेलला अडकवला.

घरात मात्र गळ्यात काहीच नाही. यावर आजींनी विचारलेला प्रश्न रास्त होता: ‘दार उघडं राहिलं आणि तो बिनपट्ट्याचा बाहेर गेला तर? ओळखणार कोण?’ डॉक्टरांकडे मायक्रोचिप, म्हणजे कातडीखालची ओळख-चिप, बसवून घेतली आणि मुख्य दाराच्या आत जाळीचं छोटं फाटक लावलं. तरीही चिप वाचायला यंत्र लागतं, बिल्ला कुणीही वाचू शकतो, हा आजींचा मुद्दा पूर्ण खोडता येत नाही. आम्ही दोन धोके समोरासमोर ठेवले. एकटा असताना पट्टा खिडकीच्या गजात किंवा पिंजऱ्याच्या जाळीत अडकून गळफास बसणं हा एक, आणि बिल्ल्याशिवाय बाहेर पडणं हा दुसरा. दुसऱ्याला फाटकाने आवर घालता येत होता. पहिल्याला पट्टा काढण्याशिवाय उपाय नव्हता.

सगळ्यांत महत्त्वाचं काम टेपचं. ‘दोन बोटं जायला हवीत’ हा नियम सगळ्यांना माहीत असतो, या घरातही होता. मी चौघांना आळीपाळीने त्याच पट्ट्याखाली दोन बोटं घालायला सांगितली. ईराची अगदी सहज गेली, बाबांची अडली. ईराच्या मते पट्टा सैल, बाबांच्या मते घट्ट, आणि पट्टा एकच. म्हणून बोटांचा नियम पटकन बघण्यापुरता ठेवला आणि खरं माप सेंटीमीटरमध्ये धरायचं ठरवलं: मान अधिक ४.

मोजण्याचीही एक रीत लागते. भीमा बसला की मान वेगळी भरते, मान खाली घालून हुंगत असला की वेगळी. कानांमागे माप कमी येतं, खांद्याजवळ जास्त. आम्ही ठरवलं: चारही पायांवर उभा, नजर समोर, टेप मानेच्या मध्यावर, गळ्याखालची लोंबती कातडी टेपमध्ये न दाबता. टेप शिंप्याची, मऊ. मोजणार ईरा, वहीत लिहिणार बाबा, म्हणजे एका गोष्टीवर दोघांची नजर. वार रविवार, सकाळी फिरायला जाण्याआधी. मोजून झाल्यावर शेवटची तपासणी म्हणजे पट्टा बांधून तो हळूच कानांकडे ओढायचा. कान ओलांडून पुढे येत असेल तर सैल.

अजून एक बारीक गोष्ट. सरकत्या पट्ट्याची पट्टी वापरता वापरता आपोआप थोडी थोडी सरकते आणि पट्टा नकळत सैल होतो. आईने, बांधलेल्या मापाच्या जागी, लाल दोऱ्याचा एक टाका घातला. टाका सरकपट्टीपासून दूर दिसला की पट्टा सरकला. माप बदललं की जुना टाका काढून नवा घालायचा. ही युक्ती त्यांची, मी ती आता सगळ्यांना सांगते.

मध्येच जे चुकलं

हार्नेसच्या बाबतीत माझा अंदाज चुकला. मी तो वजनाच्या तक्त्यावरून निवडला, १५ ते २५ किलोचा. वहीतही दोनच रकाने आखून दिले, मान आणि वजन. अठराव्या आठवड्यात भीमा जिना उतरायला कां कूं करू लागला. आईला वाटलं पाय दुखतोय. बघितलं तर पुढच्या पायांच्या खाकेत केस घासून गेले होते आणि कातडी लाल झाली होती. चौदाव्या आठवड्यात ५८ असलेली छाती ६८ झाली होती. ग्रेट डेनची छाती खोल उतरत जाते आणि ती मानेच्या आणि वजनाच्या चालीने वाढतेच असं नाही. मानेच्या जखमेने आम्ही सगळेच इतके मानेकडे लागलो होतो की तीच चूक खाकेत होऊ दिली. त्या रविवारपासून वहीत छातीचा तिसरा रकाना आला, आणि हार्नेस उतरवला की खाकेत हात फिरवून बघायचं ठरलं.

याहून भीतीदायक प्रसंग पाच महिन्यांचा असताना घडला. मोकळ्या मैदानावर तो ओळखीच्या एका कुत्र्याशी खेळत होता. गळ्यात मार्टिंगेल तसाच होता. मान धरण्याच्या खेळात त्या कुत्र्याचा खालचा जबडा मार्टिंगेलच्या लहान भागात अडकला. त्याने सुटायला अंग फिरवलं, पट्ट्याला पीळ बसला, भीमा घशातून आवाज काढू लागला. दोघं घाबरून एकमेकांपासून दूर ओढू लागले, आणि मार्टिंगेल ओढलं की आवळतोच. त्या मार्टिंगेलला लॉक नव्हतं, तो डोक्यावरून घालायचा होता. बाबा आणि दुसऱ्या कुत्र्याचे मालक यांनी दोघांना कवेत घेऊन एकमेकांकडे ढकललं, पीळ ज्या बाजूला बसला होता त्याच्या उलट फिरवला, तेव्हा जबडा सुटला. सगळा प्रकार फार तर अर्ध्या मिनिटाचा. भीमाला इजा झाली नाही.

मार्टिंगेल घरात काढायचा हे मी ठासून सांगितलं होतं. खेळताना काढायचा हे सांगितलं होतं, पण एकदाच, आणि बोलण्याच्या ओघात. ते त्यांच्या लक्षात राहिलं नाही, याची जबाबदारी मी माझ्याकडे घेते. त्यानंतर धातूचं लॉक असलेला मार्टिंगेल घेतला, म्हणजे डोक्यावरून न काढता बाजूने उघडता येईल. प्लास्टिकचं लॉक न घेण्याचं कारण वजन. भीमा तोवर ३० किलोच्या पुढे गेला होता आणि धावत सुटला की दोरीला झटका त्याहून कितीतरी जास्त बसतो. खेळायच्या जागी पोचलं की आधी दोरी, मग हार्नेस, मग मार्टिंगेल काढायचं आणि मगच मोकळं सोडायचं. मोकळं सोडण्याची जागा कुंपणाची असली तरच.

परिणाम

वहीतले आकडे असे: ८ आठवडे २९, ११ आठवडे ३४, १४ आठवडे ३८, १७ आठवडे ४३, २० आठवडे ४६, २४ आठवडे ५०. वर्षाचा झाला तेव्हा ५८, वजन ५६ किलो. ‘मान अधिक ४’ च्या पुढे पट्टा वाढवायला तीन सेंटीमीटरपेक्षा कमी जागा उरली की पुढचा पट्टा आणून ठेवायचा, हा नियम पाळल्यामुळे एकदाही धावपळ झाली नाही. वर्षभरात चामड्याचा धरून सहा पट्टे आणि चार हार्नेस लागले. रुंदीही टप्प्याने वाढवली: दोन सेंटीमीटरवरून अडीच, सहा महिन्यांनंतर चार. रुंद पट्टी भार पसरवते, पण ती मानेच्या लांबीत बसली पाहिजे. पिल्लाची मान जाड होण्याच्या मानाने लांब उशिरा होते.

मानेवरचे केस दोन महिन्यांत भरून आले. गळ्याखाली हात नेला की मान काढून घेण्याची सवय जायला मात्र त्याहून बराच जास्त वेळ लागला. ईरा रोज संध्याकाळी पट्टा हातात धरायची, त्याच्या पोकळीतून खाऊ दाखवायची आणि भीमा स्वतः डोकं घालेपर्यंत थांबायची. पहिले कित्येक दिवस तो नाकापुढे जात नव्हता. आठव्या महिन्याच्या सुमारास मी गेले तेव्हा तिने नुसता पट्टा उचलला आणि तो पलीकडच्या खोलीतून उठून आला, मान पुढे करून उभा राहिला. तिने माझ्याकडे बघितलं, बोलली काही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सुटण्याच्या प्रसंगानंतर पट्टा आवळणं चूक नव्हतं. आवळल्यावर ‘हा पुन्हा कधी बघायचा, आणि कुणी’ हे त्याच वेळी ठरलं असतं तर जखम झाली नसती. दुसऱ्या दिवशी सकाळी शांतपणे पाच मिनिटं काढून मान आणि डोकं मोजलं असतं, तर ३४ आणि ३८ हे दोन आकडे समोर येऊन सपाट पट्ट्याची अडचण तिथेच कळली असती. डोक्याचा घेर आणि मानेचा घेर यांत फारसं अंतर नसेल तर सपाट पट्टा कसाही बांधा, तो एकतर निघतो नाहीतर रुततो. भीमाला मार्टिंगेलची गरज अकराव्या आठवड्यातच होती, तो त्याला सोळाव्यात मिळाला.

खोकल्यासारखा आवाज आणि वास या दोन खुणांवर घरात बोलणं झालं होतं, पण वेगवेगळं. आवाज बाबांनी ऐकला होता, वास आईला आला होता. जेवताना कुणी एकाने दोन्ही गोष्टी बोलून दाखवल्या असत्या तर लॉक आठवडाभर आधी उघडलं गेलं असतं. आता रविवारी वही उघडली की आकड्यांखाली एक ओळ लिहायची पद्धत त्यांनी सुरू केली आहे: या आठवड्यात काय वेगळं दिसलं.

माझ्या बाजूने सांगायचं तर, मोठ्या जातीच्या पिल्लाच्या घरी आता मी पहिल्याच भेटीत मान, डोकं, छाती आणि वजन असे चार रकाने आखून देते. हार्नेस वजनावरून निवडत नाही. आणि मार्टिंगेल देताना तो केव्हा काढायचा हे तोंडी सांगून थांबत नाही, दाराशी दोरीच्या खुंटीजवळ लिहून लावते.

एका गोष्टीवर आमचं अजूनही एकमत नाही. भीमाची वाढ दोन वर्षांपर्यंत चालू राहणार म्हणून मोजणं आता महिन्यातून एकदा होतं. बाबांना वाटतं, आता रात्री सपाट पट्टा आणि बिल्ला गळ्यात असायला हरकत नाही. मला वाटतं, झोपताना मान मोकळीच बरी. सध्या त्यांनी माझं ऐकलं आहे.

तेराव्या महिन्यात बाबांनी कपाटातला तो पहिला चामड्याचा पट्टा काढला. मापाला बरोबर बसला, बाबांची दोन बोटंही आत गेली. मी दोन्ही टोकं धरून ताण दिला तेव्हा मध्यावर, आरीने पाडलेल्या पाच छिद्रांच्या ओळीत, सुकलेलं चामडं चिरत गेलेलं दिसलं. भीमाने एकदा जोराने ओढलं असतं तर तो तिथेच तुटला असता. बाबांनी पितळी बकल तेवढं कापून ठेवून घेतलं.